वजनावरून नावं ठेवणं आणि आपल्या रोजच्या सवयी : सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, डाएटिशियनपण नाही. लहानपणापासून जाड आहे, आता त्रेचाळीस पूर्ण, शुगर आहे, आणि गेली चार वर्षं कोल्हापुरात आमच्या गल्लीतल्या दहाबारा बायकांचा सकाळी चालायचा ग्रुप आहे तो मी सांभाळते. त्यामुळे लोक मलाच विचारतात. तेच तेच परत टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. जे वाचून, विचारून खात्री करून घेतलंय तेच लिहिलंय, बाकीचं माझं मत आहे आणि ते मत म्हणूनच घ्या.

नावं ठेवणं म्हणजे नक्की काय? जाडीला जाडी म्हटलं तर काय बिघडलं?

ढोली, टुणटुण, हत्तीचं पिल्लू हे तर झालंच, ते सरळ तोंडावर असतं. पण खरी मजा गोड बोलण्यात आहे. "सुटलीयेस गं", "खात्यापित्या घरची दिसते", "चेहरा किती गोड आहे, नुसती दहा किलो उतरव मग बघ", आणि माझं सगळ्यात नावडतं म्हणजे काहीच न बोलता आधी माझ्या ताटाकडे आणि मग माझ्याकडे बघणं. शेअर रिक्षात मी चढले की शेजारची बाई पदर सावरून उगाच भिंतीला चिकटते, दुकानात तोंड उघडायच्या आत "तुमच्या साईजमध्ये नाही येणार मॅडम", कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला मुलाची आई उंचीच्या आधी वजन विचारते. हे सगळं त्यातच येतं.

तुमचं वजन ८४ किलो आहे, ही झाली माहिती. ८४ किलो आणि त्यात परत भजी, हे झालं नावं ठेवणं. फरक कळतो हो सगळ्यांना, कळत नाही असं दाखवतात.

एक गंमत सांगू का, आमचं हे गाव पैलवानांचं. तालमीतला गडी दूध, तूप, बदाम खाऊन शंभर किलोचा झाला की लोक खांद्यावर हात टाकून फोटो काढतात, "खुराक काय घेतोस" म्हणून कौतुकाने विचारतात. त्याच गल्लीतली त्याची बहीण सत्तर किलोची झाली की तिचं लग्न कसं व्हायचं म्हणून आख्खी गल्ली काळजीत.

पण बोललं नाही तर माणूस सुधारणार कसा? घरचे भल्यासाठीच बोलतात ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारे बहुतेक कोणाचे तरी आईवडील किंवा नवरे असतात.

मी चौदा वर्षांची होते, दिवाळीचा फराळ चालला होता, ताटात दोन चकल्या, मी तिसरी घेतली तर आत्या आईला म्हणाली, "वहिनी, हिला पुरे आता." सगळे हसले. वाईट मनाने नाही, नुसतेच हसले. मी ताट तसंच ठेवून उठले, आईला वाटलं बरं झालं, पोरगी शहाणी झाली. त्या रात्री सगळे झोपल्यावर मी फळीवरचा चिवड्याचा डबा काढला. आमचे फराळाचे डबे जुने, ॲल्युमिनियमचे, झाकण निघताना टण्ण वाजायचं. मग मी ओढणी झाकणावर घट्ट गुंडाळायची, डबा पोटाशी धरायची आणि झाकण हळूहळू गोल फिरवत वर घ्यायची म्हणजे नुसता फुस्स आवाज येतो. अंधारात ओट्याला टेकून उभ्याने मुठी भरभरून चिवडा खाल्ला, चव काय होती विचाराल तर आठवत नाही, शेंगदाणा दाताखाली कडकन फुटला की कोणी उठेल याची भीती तेवढी आठवते. तीन चकल्यांनी जेवढं पोटात गेलं असतं त्याच्या तिप्पट गेलं. त्यानंतर वीसेक वर्षं मी तसंच खाल्लं, चारचौघात पाखरासारखं आणि एकटी असले की डब्याने.

नंतर कळलं की हे माझ्या एकटीचं नाही. अमेरिकेत येल विद्यापीठात काही बायकांना व्हिडिओ दाखवले होते, एका गटाला जाड लोकांची टिंगल असलेला, दुसऱ्या गटाला साधा, आणि मग समोर खाऊ ठेवला. हे २०११ साली छापून आलं. ज्या बायका जाड होत्या आणि ज्यांनी टिंगल बघितली, त्यांनी साधा व्हिडिओ बघितलेल्या जाड बायकांपेक्षा तिपटीहून जास्त कॅलरी खाल्ल्या. म्हणजे टोमणा ऐकून भूक मरत नाही, उलट होतं. ताण आला की अंगात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढतं, ते भूक वाढवतं आणि नेमकं गोड आणि तळकटच हवंसं वाटतं. काकडी खावीशी वाटली असं कोणाच्या बाबतीत ऐकलंय का?

तर उत्तर असं की बोलल्याने माणूस सुधारत नाही, लपायला शिकतो. लपून खातो, लपून चालतो नाहीतर चालतच नाही, डॉक्टरपासून लपतो. खाली जे काही लिहिलंय ते फिरून फिरून इथेच येतंय, आधीच कबूल करते.

म्हणजे टोमण्यांनीच वजन वाढतं हे सिद्ध झालंय का?

एवढं ठोकून नाही म्हणता येणार. २०१३ मध्ये अँजेलिना सुटिन आणि अँटोनिओ टेराचिआनो यांनी अमेरिकेतल्या ६,१५७ लोकांचा अभ्यास छापला, २००६ ते २०१० चार वर्षांचा. सुरुवातीला जे लठ्ठ नव्हते पण ज्यांना वजनावरून भेदभाव सोसावा लागत होता, ते चार वर्षांत लठ्ठ होण्याची शक्यता बाकीच्यांच्या अडीचपट निघाली. आता असल्या अभ्यासात कशामुळे काय झालं हे शंभर टक्के सांगता येत नाही, दोन गोष्टी बरोबर चालतात एवढं दिसतं. पण "टोचून बोलल्याने लोक बारीक होतात" असं यातून कुठेही दिसलेलं नाही, तेव्हा पुरावा त्यांनी आणावा की जे टोचून बोलतात.

चालायला, जिमला जायची फार लाज वाटते. काय करू?

लाज वाटते म्हणजे तुम्ही आळशी नाही, हे आधी डोक्यातून काढा. इंग्लंडमध्ये पन्नाशीच्या पुढच्या साडेपाच हजार लोकांचा २०१७ चा अभ्यास आहे, ज्यांना वजनावरून वाईट वागणूक मिळाली होती त्यांच्यात काहीच हालचाल न करणाऱ्यांचं प्रमाण बरंच जास्त होतं, शक्यता साधारण ६० टक्क्यांनी जास्त. साधं आहे, जिथे अपमान होतो तिथे माणूस परत जात नाही, मग ते सासर असो की जिम.

माझं सांगते. मी एकोणतिशीत रंकाळ्यावर चालायला सुरुवात केली होती, सकाळी सहाला. तिसऱ्या का चौथ्या दिवशी कठड्यावर बसलेली पोरं मी जवळून गेले की "अय भूकंप, भूकंप" म्हणून एकमेकांना धरायला लागली. मग मी पावणेपाचला जायला लागले, काळोखात, तोंडाला स्कार्फ. दहा दिवसांनी अंधारात उखडलेली फरशी दिसली नाही, पाय मुरगळला, दीड महिना घरात, आणि त्यानंतर पाच वर्षं मी चाललेच नाही. पोरांना काय, त्यांना तो दिवस आठवतपण नसेल.

आता कामाचं. एकटीने जाऊ नका, दोघीतिघी असल्या की कोणी बोलत नाही आणि बोललं तर एकजण असते उत्तर द्यायला (आमच्यात आहे एक, तिची भाषा इथे लिहिता येणार नाही). ट्रॅक पँटच पाहिजे असं काही नाही, आमच्यात साडीवर बूट घालून चालणाऱ्या दोघी आहेत. बूट मात्र चांगले घ्या, तिथे काटकसर नको. आणि एक गोष्ट जी कुणीच सांगत नाही, मांड्या घासतात. घासून घासून लाल होतात, घाम लागला की आग होते, आणि दुसऱ्या दिवशी चालायचं नाव नको वाटतं, घरचे म्हणतात बघा दोन दिवसांत सोडलं. आतून गुडघ्यापर्यंतची सुती सायकलिंग शॉर्ट घाला, नाहीतर निघायच्या आधी पेट्रोलियम जेली चोळा. माझा अंदाज आहे की आळसापेक्षा या मांड्या घासण्याने जास्त बायकांचं चालणं सुटलेलं आहे.

किती चालायचं? जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आठवड्याला कमीत कमी १५० मिनिटं, जरा दम लागेल असं. एकदम नाही जमणार, दहा दहा मिनिटंपण मोजतात. गच्चीवर फेऱ्या मारल्या तरी चालतं, फक्त गच्ची हा लपायचा अड्डा होऊ देऊ नका, माझं ते पण करून झालंय.

बारीक म्हणजे फिट, एवढं तरी खरं ना?

नाही. आणि याचा पुरावा आपल्या पुण्यातूनच आलाय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक शेजारी शेजारी फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, त्याचा आकडा) सारखाच, २२.३. मोजलं तर युडकिनसाहेबांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकसाहेबांच्या २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ. भारतीय माणूस वरून बारीक आणि आतून चरबीदार असू शकतो, विशेषतः पोटाभोवती, म्हणून आपल्याकडे बारीक लोकांनापण लवकर शुगर होते.

यातली खरी गोम अशी की आमच्या घरात सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे. माझे दीर काडीसारखे, त्यांना कोणी एका शब्दाने कधी बोललं नाही, दोन वाट्या श्रीखंड खाल्लं तरी "खा रे, अंगाला काही लागत नाही तुझ्या". त्यांना एकेचाळीसाव्या वर्षी शुगर निघाली ती पायाची जखम भरेना म्हणून तपासलं तेव्हा. जाडीवर डोळा ठेवण्याच्या नादात बारकं माणूस तपासायचंच राहून जातं.

मग बीएमआय बघायचा की नाही?

बघा, पण त्याला देव करू नका. हे सूत्र बेल्जियमचे अदॉल्फ केटले यांनी १८३० च्या दशकात काढलं, ते गणिती होते, डॉक्टर नव्हते, त्यांना लोकसंख्येची सरासरी काढायची होती. बीएमआय हे नाव ॲन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये दिलं. जगभर २५ च्या पुढे जास्त वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठ धरतात, आपल्याकडचे डॉक्टर २३ आणि २५ धरतात, कारण वर सांगितलं तेच. टेलरची टेप घेऊन पोट मोजणं जास्त उपयोगाचं, बायकांचं ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषांचं ९० च्या आत. श्वास आत ओढून मोजू नका, टेपला फसवून काय मिळणार.

डॉक्टरच म्हणतात वजन कमी करा. मग तेपण नावं ठेवतात असं म्हणायचं का?

बहुतेक डॉक्टर काळजीनेच सांगतात आणि कधी कधी तेच बरोबर उत्तर असतं, गुडघेदुखीला असतंच. घोळ तिथे होतो जिथे तपासायच्या आधीच उत्तर तयार असतं.

माझा डावा खांदा आखडला होता. ब्लाऊजचं मागचं हूक लावता येईना, वेणी घालता येईना. एका दवाखान्यात गेले, डॉक्टरांनी मान वर करून बघितलं आणि म्हणाले, "आधी वीस किलो कमी करा मग बघू." हात उचलून बघायलापण सांगितलं नाही. बाहेर बाकावर बसलेल्यांना ऐकू गेलं असेल असं मला वाटलं, खरं खोटं देव जाणे. मी त्यानंतर तीन वर्षं कुठल्याच डॉक्टरकडे गेले नाही, ताप आला तरी मेडिकलमधून गोळी. शेवटी बहिणीने ओढत दुसरीकडे नेलं, तिथल्या मॅडमनी खांदा फिरवला आणि पहिला प्रश्न विचारला, "शुगर कधी तपासली होती?" असा खांदा जाम होणं डायबिटीस असलेल्यांमध्ये जास्त दिसतं म्हणे. तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ८.९ आली, म्हणजे डायबिटीस होताच. तीन वर्षं ती अंगात मुरत होती की नाही माहीत नाही, पण मी लपून बसले नसते तर आधी कळलं असतं.

आता जाताना मी दोन गोष्टी करते. एक, सरळ म्हणते, "डॉक्टर, वजनाचं बोलूच, पण आधी हे दुखणं तपासा." आवाज थोडा कापतो पण म्हणते. दुसरी गोष्ट बीपीच्या पट्ट्याची. माझा दंड मोठा आहे, नेहमीचा पट्टा बांधला की हवा भरताना ते चिकटायचं टोक चर्रर्र करून सुटतं, नर्स परत ओढून बांधते, परत सुटतं, सगळी ओपीडी बघते, आणि मग बीपी वाढलेलं निघतं, निघणारच. हे नुसतं टेन्शनने नाही होत. २०२३ मध्ये अमेरिकेत हेच मोजलं, ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा बांधला तर वरचं बीपी जवळजवळ २० ने जास्त दिसलं. २० म्हणजे नसलेल्या बीपीची गोळी सुरू होऊ शकते! दंडाचा घेर ३२ सेंटिमीटरच्या वर असेल तर मोठा पट्टा मागा, दवाखान्यात नसेल तर निदान ते कागदावर लिहायला सांगा.

वजन उतरतच नाही. मग चालून, नीट खाऊन उपयोग काय?

अहो इथेच सगळे सोडतात. महिनाभर चालायचं, काट्यावर उभं राहायचं, अर्धा किलोपण हललेला नाही, की झालं, बूट माळ्यावर.

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या टीमचा २००६ चा अभ्यास मी ग्रुपवर दर दोनतीन महिन्यांनी परत टाकते. शुगरच्या उंबरठ्यावर असलेले ५३१ लोक, साधारण अडीच वर्षं बघितले. ज्यांना फक्त नेहमीचा सल्ला होता त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना डायबिटीस झाला, ज्यांना चालणं आणि खाणं बदलायला लावून पाठपुरावा केला त्यांच्यात ३९ टक्के. आणि वजन? फारसं उतरलंच नव्हतं. काटा जागेवर आणि तरी फायदा झाला, तोही आपल्यासारख्याच भातपोळी खाणाऱ्या लोकांमध्ये.

म्हणून मी ग्रुपमध्ये वजन विचारत नाही. विचारते ते असं, जिना चढताना मध्ये थांबावं लागतं का अजून? झोप कशी आहे? जेवणानंतर दहा मिनिटं चाललात का? शुगरवाल्यांनी हे नक्की करून बघा, जेवणानंतरची शुगर मोजा, एक दिवस बसून आणि एक दिवस चालून, आपल्याच मशीनवर फरक दिसतो, कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायची गरजच नाही.

म्हणजे जाड असणं चांगलं, असं तुम्ही पसरवताय का?

नाही. माझे गुडघे मला रोज सकाळी आठवण करून देतात. जास्त वजनाने शुगर, बीपी, घोरणं, गुडघे हे सगळं वाढतं आणि ज्यांना जमतं त्यांनी उतरवावं, पाचसात टक्के उतरलं तरी फरक पडतो. मी म्हणतेय ते एवढंच की अपमान हा त्याच्यावरचा उपाय नाही.

शेवटी मनावर घेतलं तर होतंच ना? इच्छाशक्तीच कमी.

जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून दिसतं की माणसामाणसांतल्या वजनाच्या फरकातला ४० ते ७० टक्के वाटा आनुवंशिक असतो. त्यात थायरॉइड, पीसीओडी, स्टिरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजाराच्या काही गोळ्या, रात्रपाळी. आणि वजन उतरलं की शरीर गप्प बसत नाही, भूक वाढवतं, कॅलरीचा खर्च कमी करतं. इच्छाशक्ती मोजायचीच असेल तर आठ वेळा वजन उतरवून आठ वेळा परत चढलेल्या बाईची मोजा, आमच्या ग्रुपात तीन आहेत तशा.

लग्न दोन महिन्यांवर आलंय, फक्त काकडी आणि ताक चालेल का?

नाही चालणार. चौथ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता तुम्ही कुठल्यातरी बेकरीबाहेर उभ्या असाल, मी असायची. ब्लाऊज सैल शिवून घ्या, स्वस्त पडतं.

वजनाची इंजेक्शनं घेणं म्हणजे शॉर्टकट नाही का?

२०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आपल्याकडे आलं तेव्हापासून हा प्रश्न रोजचा झालाय. कोणी घ्यावं, कोणी नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं, मैत्रिणीकडून नाव घेऊन परस्पर आणू नका. मला त्यातलं जे दिसलं ते वेगळंच आहे. ग्रुपमधली एक जण घेते, तिने ते इंजेक्शनचं पेन फ्रिजमध्ये दह्याच्या डब्यामागे कापडी पिशवीत लपवलं होतं, सासूला कळलं तर "एवढं खायचं आणि मग सुया टोचायच्या" ऐकावं लागेल म्हणून. मग उलट्या सुरू झाल्या त्यापण लपवल्या, ॲसिडिटी झालीये सांगून, आणि डॉक्टरांनापण फोन नाही केला कारण घरात कोणासमोर बोलणार. तीन दिवसांनी सलाईन लावायची वेळ आली. औषधाचा त्रास एक फोन करून आटोक्यात आला असता.

बारीक लोकांनापण बोलतातच की! काडी पैलवान, सुकट, हाडांचा सापळा…

बोलतात आणि तेही तेवढंच वाईट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या २४ टक्के बायकांचं वजन जास्त होतं आणि १८.७ टक्के बायकांचं कमी. म्हणजे धरून चाला की दहातल्या चारेक बायकांना काही ना काही ऐकायची सोय आहेच, उरलेल्यांना रंगावरून.

मुलगा आठ वर्षांचा आहे, शाळेत मोटू म्हणतात. आता जेवायलाच बघत नाही. काय करावं?

आधी घरातलं बघा, रागावू नका पण शाळेतला शब्द बरेचदा घरातूनच गेलेला असतो, मामा लाडाने म्हणतो, शेजारी ऐकतात, त्यांचा मुलगा वर्गात असतो. आजपासून घरात तो शब्द बंद, लाडानेसुद्धा.

दुसरं म्हणजे एका ताटात दोन कायदे नकोत. आमच्या लहानपणी भावाला वरणभातावर तुपाची धार आणि मला कोरडी भाकरी, दोघं शेजारी बसलेले. मला तुपाची हाव त्या धारेने लावली. जे असेल ते सगळ्या घराला एकच, बिस्किटाचे पुडे आणायचे नसतील तर बाबांसाठीपण आणायचे नाहीत. पाहुण्यांसमोर काट्यावर उभं करू नका. डॉक्टरांकडे उंची आणि वजन दोन्ही बघून तक्ता मांडून घ्या, या वयात मुलं उंचीने वाढत असतात त्यामुळे वजन उतरवायचं नसतं बरेचदा, नुसतं थोपवायचं असतं. पीटीच्या सरांना भेटा आणि एवढंच सांगा की धावण्यात त्याला शेवटी पळवून सगळ्यांना बघायला उभं करू नका. खेळ त्याला आवडेल तो, माझ्या भाच्याला पोहणं आवडलं, पाण्यात वजन कोणाला दिसत नाही असं तोच म्हणाला. ऐकून बरंही वाटलं आणि वाईटही.

जेवण टाकतोय हे मात्र हलक्यात घेऊ नका, आठवड्याच्या वर चाललं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

कार्यक्रमात कोणी तोंडावर बोललं तर काय उत्तर द्यायचं?

माणूस बघून. वयस्कर काकू असतील तर "हो ना काकू, तुमचा गुडघा काय म्हणतोय आता?" आणि मग त्या अर्धा तास गुडघ्यावर बोलतात, काम झालं. जाऊबाई असेल तर हसून "माझं मी बघते, तुम्ही जिलेबी घ्या." ऑफिसातला असेल तर नुसतं "बरं" म्हणून दोन सेकंद त्याच्याकडे बघत राहायचं, तोच गडबडतो. सगळ्यात महत्त्वाचं, ताट खाली ठेवायचं नाही. भूक आहे तेवढं तिथेच, सगळ्यांसमोर, बसून जेवायचं. घरी येऊन डबा उघडायची वेळ येत नाही मग.

मला बायकोच्या तब्येतीची खरंच काळजी वाटते. न दुखावता कसं सांगू?

सांगूच नका. तिला माहितीये, घरात आरसा आहे. चालायला जायचं तर "तू जा" नाही, "चल". तेल कमी करायचं तर भाजी एक दिवस तुम्ही करा. तिचा चालायचा पाऊण तास बुडतो कशामुळे ते बघा, बहुतेक तुमच्या डब्यामुळे बुडत असतो. एका दादांना मी हे असंच लिहिलं होतं, ते रागावले, ग्रुपवरच्या कोणाच्या तरी नवऱ्याकडे तक्रारपण केली. हल्ली सकाळी त्यांची बायको येते आमच्यात, डबा कोण करतं ते मी विचारलेलं नाही.

घरात वजनकाटा ठेवावा का?

डॉक्टरांनी नियमित बघायला सांगितलं असेल, हार्टचा, किडनीचा त्रास असेल तर ठेवाच. बाकीच्यांनी महिन्यातून एकदा बघितलं तरी खूप झालं, रोज बघून पाव किलोवरून दिवस खराब करायचा नाही. माझा पलंगाखाली आहे, सेल संपलेत, मार्चपासून आणायचे राहिलेत.